मिठातली अक्षरं

मी लिहायला शिकले ती पाटीवर नाही, मिठात. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून फारसं सांगत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या मद्रासमधल्या, वेलचेरीच्या घरात लिहिणं कसं शिकवावं यावरून दोन पक्ष पडले. त्या भांडणात माझं एन्नोरचं लहानपण इतकं जवळ येऊन बसलं, की दुपारी डोळा लागला की मला पंख्याच्या जागी ताडांची सळसळ ऐकू यायची. तेव्हा दोन्ही एकदमच सांगते. वेगळं करायला गेले तर दोन्ही बिघडतील.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारच्या मिठाच्या खात्यात कारकून होते. साताऱ्याहून बदली होऊन मद्रासला आले आणि तिथलेच झाले. आमचं क्वार्टर एन्नोरला, मिठागरांच्या कडेला. मागचं दार उघडलं की जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. पाण्याचे चौकोन, प्रत्येकात आभाळाचा एक तुकडा, आणि पलीकडे मिठाचे ढीग, ताडाच्या पानांनी शाकारलेले. बायका लांब दांड्याच्या लाकडी फळ्यांनी मीठ ओढायच्या, त्याचा खसखस आवाज दिवसभर यायचा, आणि तो थांबला की आम्हाला कळायचं की आता जेवायची वेळ. भर दुपारी ऊन असं थरथरायचं की त्या बायका जमिनीच्या वीतभर वरून चालल्यासारख्या दिसायच्या. त्या खरंच तशा चालतात असं मी बरीच वर्षं समजत होते आणि कोणी माझी चूक सुधारलीही नाही. ओठांना मीठ, दोरीवरच्या कपड्यांना मीठ, उशीच्या अभ्र्याला मीठ. दारांच्या बिजागऱ्या गंजून गेलेल्या. आई म्हणायची, "या घरात चोर आला तर दारच बोंब मारेल."

शेजारच्या क्वार्टरमध्ये अंबुआक्का राहायची. तीही मराठी, पण तंजावरची. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले, आणि तिचं मराठी तमिळमध्ये बुडवून काढल्यासारखं. आईला ते अर्धंच कळायचं. आईचं तिला सगळं कळायचं, पण ती कबूल करत नसे. "तुमचं मराठी फार पळतं गे," म्हणायची. दोघींची ओळख झाली ती डांगरावरून. आई उडदाच्या पिठाचं डांगर घट्ट कालवायची, कच्चा कांदा आणि हिंग घालून. आक्का त्यात दही ओतायची, वर मोहरी-मिरचीची फोडणी द्यायची आणि त्याला पच्चडी म्हणायची.

"हे डांगर नव्हे," आई म्हणाली.

"हेच डांगर. तुमचं वाटेत आटलं," आक्का म्हणाली.

त्या दिवसापासून दोघींच्या घरांतून वाट्या इकडून तिकडे फिरायला लागल्या. आक्काला मूल नव्हतं आणि आईला जास्त होती, त्यामुळे वाट्यांबरोबर मीही फिरायचे.

आक्काला लिहिता यायचं, पण फक्त उलटं. ती लहान असताना तिच्या भावाला शिकवायला घरी पंतोजी यायचे. धूळपाटीवर शिकवायचे, म्हणजे फळीवर बारीक रेती पसरून त्यात बोटाने. भाऊ एका बाजूला, आक्का समोरच्या बाजूला. तिचं काम एवढंच, की अक्षर झालं की फळी हलवून रेती सपाट करायची. मुलीला शिकवायचं कोणाच्या मनात नव्हतं. पण डोळे कोणी बांधले नव्हते. ती रोज बघत गेली, अक्षर पुसण्याच्या आधी एकदा बघायचं आणि मग पुसायचं. सगळी बाराखडी तिने अशी खाली डोकं वर पाय शिकली. पुढे कोणी कागद हातात दिला की ती तो उलटा फिरवायची आणि धडाधड वाचायची. लिहायचीही तशीच, समोर बसलेल्या माणसाला सरळ दिसेल अशी. पोस्टात सही करताना ती खिडकीतून हात आत घालून कारकुनाच्या बाजूने करायची. तो कारकून कपाळाला हात लावायचा. आक्काला त्यात गमतीचं काही वाटत नसे. "त्याला वाचायची आहे की, मला कुठं वाचायची?" म्हणायची.

मला शिकवायला तिने रेती नाही, मीठ घेतलं. मीठ आमच्या गावात रेतीपेक्षा स्वस्त होतं आणि स्वच्छ. पितळी परातीत बारीक मीठ पसरायचं, ती पलीकडे, मी अलीकडे. "बस गे पापा," म्हणायची; पापा म्हणजे तमिळमध्ये लहान पोर. बोट टेकलं की ते अक्षर तिच्याकडून माझ्याकडे चालत आल्यासारखं वाटायचं. दमट हवेने मिठाला ओल यायची, अक्षराच्या कडा हळूहळू ढासळायच्या, त्यामुळे घाईने बघावं लागायचं. मग माझी पाळी. मी माझ्या बाजूने सरळ काढायचे आणि तिला ते उलटं, म्हणजे तिच्या हिशेबाने सरळ, दिसायचं. झालं की परात हलवायची. खसस्. पुन्हा पांढरं.

अण्णांना हे पसंत नव्हतं. त्यांनी साताऱ्याहून अंकलिपी मागवली होती. "छापील आहे, शुद्ध आहे. बघून गिरव," म्हणायचे. आणि खोटं कशाला बोला, अंकलिपी मला आवडायची. तिला वास होता. पान तिथेच असायचं, कधीही उघडा. आक्काची अक्षरं हलवली की गेली.

आता वेलचेरीकडे येते. माझा मुलगा समीर मोटारींच्या कारखान्यात आहे. त्याची बायको रोहिणी संगणकाच्या कंपनीत, पण तिचं ऑफिस घरातच, बेडरूमच्या दाराआड. त्यांची मुलगी ओवी. बोलण्यात कोणाला हार जाणार नाही. खाली वॉचमनशी तमिळ, मैत्रिणींशी इंग्रजी, माझ्याशी मराठी. मैत्रिणी आल्या की मी आजीची पाट्टी होते. पण हातात पेन्सिल दिली की पोर दगड. कोरं पान पुढे ठेवलं की समासाची रेघ मारायची, तारीख घालायची आणि खिडकीतून उंच पुलावरच्या रुळांवरून जाणारी गाडी बघत बसायची. शाळेतल्या बाईंना तो हट्ट वाटला, रोहिणीला भीती वाटली. तिने वर्षभर ओवीला घरीच शिकवायचं ठरवलं. गणित जमलं, बाकीचंही जमलं, लिहिणं अडलं. मग समीर म्हणाला की जून उजाडेपर्यंत पोरीने आपल्या मनाच्या चार ओळी लिहिल्या नाहीत, तर तिला पुण्याला वसतिगृहाच्या शाळेत घालायचं. हे त्याने दार लावून सांगितलं. आमच्या घरात दार लावलं की सगळ्यांना ऐकू येतं. ओवीलाही आलं. ती गेली असती तर दिवसभर मी कोणाशी बोलणार होते? लिफ्टशी?

मग शिकवणीच्या साधनांवरून जुंपली. समीर पुस्तकाच्या बाजूचा, आपल्या आजोबांवर गेलेला. एक संच होता म्हणे, एक जाडं पुस्तक शिकवणाऱ्या आईबापांसाठी आणि एक मुलासाठी. रोहिणीला व्हिडिओचा कोर्स हवा होता. तोही मुलांसाठी नव्हता. लिहायला कसं शिकवायचं ते आधी आयांनी शिकायचं, व्हिडिओ बघून.

"पुस्तकाला चार्जिंग लागत नाही," समीर म्हणाला.

"पण उघडायला माणूस लागतो. तू उघडणारेस?"

"तू काय, सांबार ढवळत व्हिडिओ बघणार?"

"हो, तोच तर फायदा आहे! कानात घातलं की हात मोकळे. आणि ती बाई प्रत्यक्ष शिकवून दाखवते रे. पुस्तकात नुसतं लिहिलंय 'मुलाला बोलतं करा'. माझी मुलगी आधीच बोलते, मला तिला गप्प करायचंय!"

समीर माझ्याकडे वळला. "आई, तू सांग."

"मी चौथी पास."

"म्हणून तर विचारतोय."

मी कुकरकडे गेले. व्हिडिओ फुकट बघायची मुदत रविवारी संपत होती, तोवर ठरवायचं होतं. रोहिणीने मलाही एक दाखवला. बाई चांगली होती, हसतमुख, फळ्यावर मुद्दे काढायची, मुद्द्यांची वाक्यं करायची. तिला थांबवता येतं, मागे नेता येतं, पुन्हा तेच बोलायला लावता येतं, आणि ती चिडत नाही. आमची आक्का चिडायची. पण ओवीने त्या बाईला मध्येच विचारलं, "तुमच्या मागे ती मांजर कुणाची आहे?" खिडकीत खरंच मांजर होती. बाई आपली पुढे बोलत राहिली. ओवी उठून गेली. रोहिणीने कानात यंत्र घातलं आणि वही घेऊन पुढचं उतरवत बसली. तिच्या मानेकडे बघून मला वाटलं, ही दमली आहे. पण विचारलं नाही. सुनेला दमलीस का विचारलं की ती आणखी एक काम काढते.

एन्नोरला आमच्याकडे असाच एक रविवार आला होता. साताऱ्याहून काका आले. अण्णांनी मला बोलावलं, पाटी दिली. मी अंकलिपीतल्या ओळी न बघता सुरेख काढल्या. बदक तळ्यात आहे. आई घरात आहे. काका खूश झाले. म्हणाले, "वा! आता आज सकाळपासून तू काय केलंस ते लिही बघू." मी पाटीकडे बघितलं. सकाळपासून मी पुष्कळ काही केलं होतं, खाडीवर जाऊन आले होते, खेकडा पकडून सोडला होता. पण ते पुस्तकात नव्हतं. मी लिहिलं, बदक तळ्यात आहे. काका इतके हसले की त्यांच्या कपातला चहा सांडला. "अरे, ही तर पोपट आहे!" अण्णा हसले नाहीत. काका गेल्यावर त्यांनी सांगितलं की हा मिठाचा खेळ बंद, त्यानेच मुलीचं डोकं बिघडलं. चुकलं होतं पुस्तकाचं, बोल आला मिठाला. तेव्हा वडिलांना उलट म्हणायची पद्धत नव्हती.

आक्का येत राहिली, पण परात निघेना. मग एक दुपार आली. माझ्या धाकट्या भावाला ताप होता, तो आईच्या मांडीवर नुकताच झोपला होता, आणि आईने डोळे मोठे करून सगळ्यांना गप्प केलं होतं. घरात चिटपाखरू बोलत नव्हतं. बाहेर मीठ ओढायचा आवाजही थांबलेला. आक्का वाटी घेऊन आली आणि दारातच बसली. घरभर करपलेला वास होता. आक्काने नाक वर करून मला भुवईने विचारलं. मला सांगायचं तर होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती. कोपऱ्यात परातीत मीठ होतं, वाळवायला ठेवलेलं. मी ती सरकवत आणली, दोघींच्या मध्ये ठेवली आणि लिहिलं, आईनं भात जाळला.

आक्काने वाचलं. तिचे खांदे हलायला लागले. तिने पदर तोंडात कोंबला. मग तिकडून तिने लिहिलं, माझ्याकडे सरळ, कितीसा. मी लिहिलं, पार वरपर्यंत. आईने मान उचलून विचारलं, "काय चाललंय तुमचं?" तशी आक्काने परात हलवली. खसस्. पांढरं. "काही नाही गे, पोर मीठ पसरते," ती कुजबुजली. मला त्या क्षणी जे वाटलं ते पुढे लग्नात वाटलं नाही, घर घेतलं तेव्हाही नाही. मी माझं वाक्य केलं होतं, ते समोरच्या माणसाला पोचलं होतं, आणि आईच्या हाती पुरावा नव्हता.

पुढच्या वर्षी आक्काच्या नवऱ्याची बदली तुत्तुकुडीला झाली, तेही मिठागरच. ती गेली. मी रडणार होते, पण आईने तेवढ्यात भावाला माझ्या कडेवर दिलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, का ते माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. पण लिहिणं सुटलं नाही. हे लिहितेय ना.

तर गेल्या उन्हाळ्यातल्या त्या शुक्रवारी रोहिणीची मोठी मीटिंग होती. परदेशातली माणसं पडद्यावर येणार होती. तिने बजावून सांगितलं, "आई, दुपारभर आवाज नको हं. ओवी, एक शब्दही नाही!" दार लावून घेतलं. मिक्सर बंद, टीव्ही बंद. खाली शेअर ऑटोवाले ओरडत होते ते चौथ्या मजल्यावर येईपर्यंत विरून जात होतं. पडद्यातून पिवळं ऊन टेबलावर पडलेलं. ओवी माझ्यासमोर बसली होती आणि बोलता येत नसल्यामुळे फुगत चालली होती, उकळी फुटायच्या आधी दूध फुगतं तशी. मला झोप येत होती. आणि त्या झोपेच्या काठावर कोणी तरी नाक वर करून भुवईने काही विचारलं असं मला दिसलं. मी उठले. स्वयंपाकघरातून स्टीलचं मोठं ताट आणलं, मिठाचा डबा त्यात उलटा केला, पुरेना म्हणून नवी पिशवीही फोडली. हलवून सपाट केलं. मला आक्कासारखं उलटं लिहिता येत नाही. मी माझ्या बाजूने सरळ लिहिलं आणि ताट तिच्याकडे फिरवलं.

काय गं.

देवनागरी तिला शाळेतल्या हिंदीमुळे येत होती. तिने वाचलं. दाराकडे बघितलं. बोट मिठात घातलं आणि काढलं, चाटलं, तोंड वाकडं केलं. मग लिहिलं, कंटाळा. ताट फिरवलं. मी लिहिलं, मला पण. तिने हलवून पुसलं, घाईने. मग ती थांबेना. वॉचमन अंकल दुपारी चप्पल उशाला घेऊन झोपतात. तिसऱ्या मजल्यावरची आंटी रांगोळी स्टिकरची लावते आणि स्वतः काढली म्हणते. बाबा गुपचूप समोसे खातात. ताट फिरत होतं, मीठ खसखसत होतं, आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसत होतो. तिला वाटत होतं आम्ही चहाड्या करतोय. करतच होतो.

मग ती जरा थांबली. खालचा ओठ चावला आणि पुष्कळ वेळ लिहीत राहिली. ताट माझ्याकडे फिरवलं.

आई व्हिडिओ बघताना रडते. मी लिहिलं नाही म्हणून. मला पुण्याला पाठवू नका.

मी वाचत होते तेवढ्यात दार उघडलं. मीटिंग लवकर आटपली होती. रोहिणी आली ती ओवीच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. तिथून तिला अक्षरं उलटी दिसत होती. "हे काय? मीठ कशाला घेतलंय? काय लिहिलंय?" ओवीचे हात झपकन ताटाकडे आले, हलवायला. मी दोन्ही हातांनी ताट धरून ठेवलं.

"आजी, सोड!"

सोडलं नाही. माझ्या हातांत अजून जोर आहे, रोज नारळ खवते. रोहिणी टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली, वाकली आणि वाचलं. एकदा वाचलं आणि पुन्हा वाचलं. तिच्या कानात अजून ते यंत्र होतं, ते तिने काढून टेबलावर ठेवलं. ओवी खाली बघत होती. तिला वाटलं आता बोलणी बसणार. मी उठले आणि माझी खुर्ची रोहिणीला दिली. मला डाळ शिजवायची होती. स्वयंपाकघराच्या दारातून वळून बघितलं तर रोहिणी एका बोटाने मिठात काही लिहीत होती, हळू, आणि ओवी मान वाकडी करून उलटं वाचायचा प्रयत्न करत होती. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मग ताट फिरल्याचा आवाज आला.

रविवारी व्हिडिओची मुदत संपली, ती कोणाच्या लक्षात नव्हती. पुढे रोहिणीने त्या बाईचे व्हिडिओ घेतलेही, समीरची पुस्तकंही आली, दोन्ही वापरतात. माझी कशालाच ना नाही. पण ती नंतरची गोष्ट.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आमटीला फोडणी दिली आणि डब्यात हात घातला, तर डबा रिकामा. पिशवीही रिकामी. बाहेर बघितलं, दोघी अजून टेबलाशीच होत्या. मी मीठ मागितलं नाही. समीर कामावरून आला, हात धुऊन बसला, पहिला घास घेतला आणि थांबला.

"आई, आमटीत मीठ नाही."

"घरात मीठ नाही," मी म्हटलं.

"असं कसं? परवाच आणलं ना?"

रोहिणीने ते ताट दोन्ही हातांनी उचललं, हलू न देता, आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. "आधी वाच," म्हणाली. त्यात ओवीच्या मनाच्या चार ओळी होत्या. त्याने वाचलं. मग तो अळणी आमटी भुरके मारत शेवटपर्यंत जेवला, आणि पुण्याचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.